आईच्या गालावरचे वण

माझ्या भावाला, अमरदीपला, गुळगुळीतपणाचं वेड आहे. गाडी, फरशी, बोलणं, सगळं गुळगुळीत. आईचा चेहराही त्याने त्यातून सोडला नाही, आणि याबद्दल मी त्याला कधीच माफ करणार नाही.

दुर्गजवळच्या हुडको वसाहतीत माझं थ्रीडी प्रिंटिंगचं दुकान आहे. कारखान्यांना लागणारे नमुने छापून देते. नवा स्कॅनर आला तेव्हा आई तूर निवडत बसली होती, म्हणून तिच्यावरच तो तपासला. "कावून फिरून राहिली वं माह्याभोवती माशीवानी?" ती कुरकुरली, पण हलली नाही. पुढे ती वारली, आणि पुण्यानुमोदनाला, म्हणजे तिच्या श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाला, फोटोऐवजी त्या स्कॅनवरून तिचा चेहराच छापून ठेवायचा, असं मी ठरवलं.

मशीन प्लास्टिकचे थरावर थर चढवतं. कपाळ, गाल अशा उतारावर त्या थरांच्या पायऱ्या उमटतात. त्यात आईला लहानपणी देवी आलेली, गालभर वण. पायऱ्या घालवायच्या आणि वण राखायचे, हेच खरं काम. चेहरा तिरपा ठेवून छापला, थर बारीक केले, मग आइस्क्रीमच्या काडीला पॉलिश पेपर चिकटवून वणांच्या मधली जागा घासत बसले. बोटं सोलवटली.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी मी उतईला माल द्यायला गेले, तर आमच्या भाऊसाहेबांनी चेहरा उचलून दुर्गला टिकारामकडे नेला. हा टिकाराम गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग करतो. चेहरा परत आला तेव्हा गाल नव्या बोनेटसारखे चकाकत होते. एकही वण नाही.

मी टिकारामला फोनवर झाप झाप झापलं. तो शांतपणे म्हणाला, "दीदी, भइया खुद बोले थे, सब गड्ढा पुट्टी से भर दो."

म्हणजे ही चूक नव्हतीच. स्वतःच्या लग्नाच्या अल्बममध्येही त्याने आईचे गाल असेच साफ करून घेतले होते.

"उद्या ऑफिसवाले भी आएंगे," अमरदीप म्हणाला. "आई चांगली दिसाले नको का?"

"तुले आईची लाज वाटते, सरळ सांग ना."

"तू बात का बतंगड मत बना."

चोराच्या उलट्या बोंबा! तशीच दुकानात गेले आणि मशीन पुन्हा लावलं. बारीक थरांना वेळ नव्हता, जाड थरांतच छापलं. मोठे वण उमटले, बारके पायऱ्यांत बुडाले. घासायला तर सवडच नव्हती.

सकाळी पाहुणे जमले. बाबांना आता फारसं दिसत नाही. अमरदीपने टिकारामकडून आणलेला चकचकीत चेहरा टेबलावर मांडला आणि बाबांचा हात धरून त्यावर ठेवला. त्यांची बोटं गालावरून घसरली, थांबली, पुन्हा घसरली.

"हे कोण होय?" त्यांनी विचारलं.

"बाबा, आई हाये."

बाबांनी हात मागे घेतला. मी रात्री छापलेला चेहरा त्यांच्यासमोर ठेवला. "खरखरीत हाये बाबा. घासाले वेळ नाही भेटला."

बोटं पायऱ्या ओलांडत डाव्या गालावरच्या मोठ्या वणापाशी गेली आणि तिथेच राहिली.

"तुही माय कवा गुळगुळीत होती वं?" ते म्हणाले. मग अमरदीपकडे मान न वळवताच, "ते दुसरं उचल तिथून."