पेटीत साचलेली लाट

मित्रांनो, अडगळीच्या खोलीत कोपऱ्यात बसलेला जुना संगणक म्हणजे मी. उंचीने तुमच्या गुडघ्याइतका, रंगाने एकेकाळी पांढरा. माझ्या अंगात थेंबभरही पाणी असण्याचं कारण नाही. तरी मला हलवलंत तर आत काहीतरी हिंदकळेल. हसू नका. आधी ऐका, मग वाटलं तर हसा.

माझा जन्म मला आठवत नाही. तो कुणाला आठवतो? आठवते ती टँकर बनवणाऱ्या कारखान्याची माडी आणि माझ्यासमोर बसणारी ताई. सगळा कारखाना तिला ताईच म्हणायचा, तिच्याहून थोरले वेल्डरसुद्धा. टँकर अर्धाच भरलेला असला की वळणावर आतलं पाणी एका बाजूला धावतं, लाट भिंतीवर आपटते आणि गाडी कलंडते. खरा टँकर पाडून पाहणं कुणाला परवडणार? म्हणून ताई माझ्या आत खोटा टँकर बांधायची आणि त्याचे बारीक चौकोन पाडायची. पाण्याने भरलेल्या चौकोनात एक, हवेच्या चौकोनात शून्य, आणि जिथे पाणी संपून हवा सुरू होते तिथे मधलाच एखादा आकडा. कुठल्या चौकोनातून शेजारी किती पाणी गेलं, ते मी क्षणाक्षणाला काढायचो. पडद्यावर निळी लाट उठायची. "पेटी कसली, समुद्र आहे हा!" असं मोठे साहेब म्हणाले, तेव्हा माझा पंखा कितीतरी वेळ उगीचच जोरात फिरत होता.

पण एक खोड होती. माझे चौकोन जाड आणि लाटेचं टोक बारीक. ते टोक चौकोनांत नीट मावत नसे आणि दर पावलाला थोडं पाणी हरवत असे.

कुठे जात होतं ते? याची पहिली चौकशी केली झाडूवाल्या मावशींनी.

"ताई, या पेटीखाली रोज ओलं असतं. इथे नळ नाही, काही नाही. पाणी येतं कुठून?"

"एसीचं असेल, मावशी."

"एसी बंद पडून वर्ष झालं की! ही पेटी रडते बाई. मला नाही बरं वाटत इथे."

साहेबांना थेंबांत रस नव्हता. "पाणी कमी भरतंय ना? मग जेवढं कमी पडेल तेवढं सगळ्या टाकीत सारखं वाटून टाक," ते ताईला म्हणाले. "बेरीज जुळली की झालं."

ताईने तसं केलं आणि बेरीज तंतोतंत जुळू लागली. पण लाटेच्या टोकाचं पाणी टोकाला परत मिळालंच नाही. ते हवेत फिकट धुक्यासारखं पसरलं आणि पडद्यावरची लाट अगदी गरीब गाय झाली. नवा टँकर पास झाला.

आणि मग माडीवर धुकं आलं. खोटं बोलत असेन तर माझी वायर उपटा! बाहेर रणरणतं ऊन, खिडक्या बंद, आणि काचांवर आतून दव. कागद मऊ पडले. "हवा बदललीय," असं म्हणत साहेब सारखा चष्मा पुसायचे. ताई खुर्ची माझ्यापासून जरा लांब सरकवून बसू लागली.

नव्या टँकरची पहिली खेप डोंगरातल्या वळणांवरून जायची होती आणि चालक होता ताईचा धाकटा भाऊ. निघण्याआधी तो वर आला आणि हातातला अर्धा प्यालेला चहाचा पेला त्याने सरळ माझ्या डोक्यावर ठेवला.

"अरे, पेटीवर नको ठेवूस!"

"राहू दे गं. हिनेच पास केलंय ना मला? मग घोटभर तिलाही."

"टँकरला पास केलंय. तुला पास करणारं यंत्र अजून निघायचंय."

हसता हसता ती थांबली. पेल्यातला चहा हलत होता. टेबल स्थिर होतं, कुणी धक्का दिला नव्हता. पडद्यावर खोटा टँकर तेच डोंगरातलं वळण घेत होता. तिथलं पाणी डावीकडे गेलं की चहाही डावीकडे जात होता. पडद्यावरची लाट भिंतीच्या निम्म्यापर्यंत कशीबशी चढली. चहा मात्र काठापर्यंत चढला, काठाबाहेर वाकला आणि तिथेच थबकला. मित्रांनो, त्याने जणू भावाकडे वळून पाहिलं. मग पेला कलंडला.

मी केलं का ते? मला कुठे हात आहेत? पण माझ्यात साचलेल्या पाण्याला काही सांगायचं होतं, एवढं मला जाणवलं.

"ताई, हे काय गं?" भाऊ एक पाऊल मागे सरकला.

"चावी दे."

"अगं, गाडी अर्धी भरून उभी आहे. साहेब डोकं खातील माझं."

"खाऊ देत. खायला ते जागेवर तरी राहील. चावी दे!"

चहा माझ्या झरोक्यांतून आत ठिबकत होता, तरी मी तग धरला. ताईने साहेबांची ती वाटणी काढून टाकली आणि लाटेचं टोक निसटू नये म्हणून पाण्याच्या काठाशी चौकोन अगदी बारीक केले. मी जीव खाऊन चाललो. या वेळी उठली ती खरी लाट. ती भिंतीवर आपटली आणि खोटा टँकर वळणावर आडवा झाला. एव्हाना मागे येऊन उभे राहिलेले साहेब चष्मा पुसतच राहिले. काच कोरडी होती.

मग टाकीत भोकं पाडलेल्या भिंती बसवल्या. लाट त्यांच्यावर फुटून मोडू लागली, तेव्हाच ताईने चावी परत दिली. भाऊ डोंगर उतरून सुखरूप आला, तेव्हा तिने त्याला आधी मिठी मारली आणि मग पाठीत धपाटा घातला.

चहाने माझं पोट कायमचं बिघडलं. नवं यंत्र आलं आणि मी इथे आलो. वायर कधीच काढलीय. तरी मावशी येतात, माझ्याखालची फरशी पुसतात आणि माझ्याकडे न बघता निघून जातात. सकाळी फरशी पुन्हा ओली.

मित्रांनो, तुमच्याकडे असं एखादं जुनं यंत्र असेल तर त्याची धूळ झटका. त्याच्यावर चहा ठेवू नका, आणि ठेवलातच तर तो हलतो का तेवढं पाहा. बेरीज जुळली म्हणून सगळं जागच्या जागी आहे असं समजू नका. हरवलेलं पाणी कुठून हरवलं, ते विचारा. ते कुठेही जात नाही. कुणीतरी विचारेल म्हणून वाट पाहत बसतं.

चला, निघा आता. उंबऱ्यावर पाऊल जरा जपून टाका. तुम्ही आत आलात तेव्हा तो कोरडा होता.