हनीफभाईंचे सत्त्याण्णव टक्के

या गावात कोण किती दिवस टिकणार हे आधी मला कळायचं, मग त्याच्या बायकोला. शेखी मिरवत नाही, कामच तसलं होतं माझं. दवाखान्यात फुंकायच्या मशिनवर बसायचे मी. समोरच्याच्या नाकाला चिमटा लावायचा, तोंडात पुठ्ठ्याची नळी द्यायची आणि ओरडायचं, "फुंका, फुंका, अजून, अजून, थांबू नका!" माणूस लालबुंद होतो, पडद्यावर रेघ चढते आणि खाली छातीत किती टक्के दम आहे त्याचा आकडा येतो. सत्तरच्या वर असलात तर कंपनीतलं काम, इकामा म्हणजे इथं राहायचा परवाना, बायकापोरं सगळं जागच्या जागी. खाली गेलात की खलास, सामान बांधा.

गाव सौदीतल्या कतीफच्या वरच्या अंगाला, समुद्राकाठी. चौदा वर्षांपूर्वी मी निकाह करून यूनुसबरोबर इथं आले तेव्हा खजुरीच्या बागा होत्या, मासेमारीच्या होड्या होत्या आणि किराणा मालाचं एकच दुकान होतं. आमच्या श्रीवर्धनची आठवण यायची. मग कंपनीनं दुसरा प्लँट टाकला, मग तिसरा. आपली भारतीय शाळा आली, मॉल आला, बागांच्या जागी सहा-सहा मजली इमारती आल्या. होड्या कधी गेल्या ते कळलंच नाही. लोक म्हणतात गाव वर आलं. आलंच की! माझं घरसुद्धा त्यावरच चालायचं. फक्त दर वर्षी तीच माणसं माझ्यासमोर बसायची आणि दर वर्षी त्यांचा आकडा दोन-चारनं खाली असायचा. हे मला कुणी विचारलं नाही आणि मी कुणाला सांगितलं नाही.

हनीफभाई माझे थोरले दीर. आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहायचे. प्लँटमधल्या पाइपांवरचं जुनं वेष्टण खरवडून काढायचं काम त्यांनी अठरा वर्षं केलं.

नोव्हेंबरातल्या एका शुक्रवारी त्यांची बायको, इस्मतभाबी, सांदणांचा डबा घेऊन खाली आली. डबा बघूनच मी समजले, ही काहीतरी मागायला आलीय.

"समरीन, ह्यांची तपासणी मंगळवारी आहे," ती म्हणाली. "दोन जिने चढले की बसतात गं. यंदा काही पास होत नाहीत."

"मग डॉक्टरांना दाखवा."

"डॉक्टरांना दाखवलं की कंपनीला कळतं. अदिबाचं बारावीचं वर्ष आहे. फेब्रुवारीत बोर्डाची परीक्षा. तेवढी होऊ दे, मग आम्ही आपणहून जाऊ." मग ओढणीचं टोक पिळत तिनं खरं काय ते सांगितलं. "यूनुसची तपासणीही मंगळवारीच आहे ना? दोघा भावांचे चेहरे सारखे, दाढीही सारखी. तो ह्यांच्या नावानं पण फुंकेल. कार्ड तूच तर बघतेस."

मी काय काय बोलले! "डोकं फिरलंय का भाबी? माझं लायसन्स जाईल, तुमच्या दिराच्या हातात बेड्या पडतील, आणि वर मी सांदणं खात बसू?" ती भांडली असती तर बरं झालं असतं. भांडणाला मी कुणाला हार जात नाही. पण ती नुसती रडत बसली, आणि कुणी रडलं की माझ्यानं नाही म्हणवत नाही. त्यात अदिबा. मला मूल नाही. ती पोर पहिलीपासून शाळेतून येऊन आधी माझं दार वाजवायची, माझ्या हातचं जेवायची आणि मग आपल्या घरी जायची. तिला डॉक्टर व्हायचंय. चहा होईपर्यंत मी हो म्हणून बसले होते.

यूनुसला मी दहादा बजावलं, "दुसऱ्यांदा अर्धंच फुंक. पंचाहत्तर आले तरी पुरे." मंगळवारी तो आपल्या नावानं फुंकून गेला. शहाण्णव. लहानपणी खाडीच्या तळाशी बुड्या मारून कालवं काढणारा माणूस तो. तासाभरानं शर्ट बदलून, हनीफभाईंचं कार्ड घेऊन परत आला. मी नळी त्याच्या हातात दिली आणि तेवढ्यात दार उघडलं. कंपनीचा सेफ्टीवाला, हैदराबादचा नसरुद्दीन, यादी मागायला आला आणि भिंतीला टेकून बघत उभाच राहिला.

गप्प बसले तर याला संशय येईल म्हणून मी रोजच्यासारखी ओरडायला लागले, "फुंका, फुंका, अजून, अजून!" आणि यूनुसनं, खुळ्यानं, सगळा जीव ओतून फुंकलं. सत्त्याण्णव. आकडा तसाच कंपनीच्या कॉम्प्युटरवर गेला.

"माशाल्ला! बहोत खूब," असं म्हणून नसरुद्दीननं नाव टिपून घेतलं.

चार दिवसांनी शटडाउनची यादी लागली. वर्षातून एकदा प्लँट बंद करून मोठ्या टाक्यांच्या आतली साफसफाई करतात. आत नायट्रोजन भरलेला असतो, श्वासापुरतीही हवा नाही. मास्क लावायचा, नळीतून येईल तेवढी हवा घ्यायची आणि शिडीनं खाली उतरून फावड्यानं गाळ काढायचा. त्यासाठी नव्वदच्या वरची माणसं निवडतात. यूनुस क्रेनवर होता, म्हणून त्याला वगळलं. चौदा नावं होती. तिसरं हनीफभाईंचं.

मी धावत वर गेले. हनीफभाई नव्या बुटांना तेल लावत बसले होते. खुशीत होते हो! "अठरा वर्षांत पहिल्यांदा माझं नाव बोर्डावर लागलं, समरीन."

"भाई, तो दम तुमचा नाही, यूनुसचा आहे."

"मग काय करू? नाही म्हटलं तर पुन्हा तपासतील." बोलताना त्यांच्या छातीत शिट्टी वाजत होती. "हळूहळू करीन. आठच दिवसांचं तर काम."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी त्यांना हट्टानं मशिनसमोर बसवलं आणि खरंखुरं फुंकायला लावलं. कुठंही नोंदलं नाही. एक्केचाळीस आले. त्यांनी आकड्याकडे बघितलं, नाकाचा चिमटा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "अदिबाला सांगू नकोस."

मग मी आमच्या दवाखान्याच्या डॉक्टर श्यामकांतांकडे गेले. साताऱ्याचे, सज्जन माणूस, आजवर माझ्यावर आवाज चढवला नव्हता. मी सगळं ओकून टाकलं आणि म्हटलं, "सर, मला काढून टाका, पण तेवढा दाखला रद्द करा."

त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "समरीन, त्यावर सही माझी आहे. एक दाखला खोटा निघाला की आठशे दाखले उघडतील. मग हा दवाखाना राहील का? कंपनीच्या जिवावर चाललाय तो."

"आणि हनीफभाईंच्या जिवाचं काय?"

"तू मला काही सांगितलं नाहीस आणि मी काही ऐकलं नाही," ते म्हणाले आणि त्यांनी पुढची फाइल ओढली.

शटडाउनच्या पहिल्या दिवशी, पुढच्या रविवारी, सकाळी साडेसहाला मी प्लँटच्या गेटवर उभी होते. निघताना यूनुसला सांगितलं होतं. तो खाटेवर डोकं धरून बसला होता. म्हणाला, "जा. अडवत नाही मी. पण माझ्यानं भाईसमोर उभं राहवणार नाही."

नारिंगी कपड्यांतली चौदा माणसं बसपाशी थांबली होती. मी सरळ नसरुद्दीनला गाठलं. "साब, उस दिन जो फूँका, वो हनीफ नहीं था. मेरा शौहर था. मैंने करवाया."

हनीफभाई पुढे आले. चेहरा पांढराफटक. "हिचं ऐकू नका, घरचं भांडण आहे," ते हिंदीत म्हणाले. मग माझ्याकडे वळून हळूच, आपल्या भाषेत, "समरीन, तुझ्या पाया पडतो. गप्प बस."

थोरला दीर तो माझा. माझ्या निकाहात यूनुसच्या वडिलांच्या जागी उभा राहिलेला. मला रडू फुटत होतं आणि रागही येत होता, त्यांचा, माझा, त्या जळक्या गावाचा. मी म्हटलं, "त्या खांबापर्यंत पळून दाखवा भाई. परत आलात की मी एक शब्द बोलणार नाही."

ते पळाले. खरंच पळाले. खांब फार तर ऐंशी पावलांवर असेल. निम्म्यात त्यांचे पाय मंदावले, पुढे दहा पावलं चालले आणि मग गुडघ्यांवर हात टेकून वाकले. ओठ निळे पडले होते. नसरुद्दीन चालत गेला आणि त्यांच्या हातातला मास्क त्यानं काढून घेतला.

आम्हा तिघांचंही इथलं दाणापाणी संपलं. बेड्या पडल्या नाहीत, एवढंच नशीब. साठ दिवसांत देश सोडायचा होता. अदिबाचा पहिला पेपर बहात्तराव्या दिवशी. भारतातलं केंद्र मागितलं, तर शाळा म्हणाली, त्याची तारीख कधीच उलटून गेली. बारा दिवस कमी पडत होते. कंपनीकडे, शाळेकडे, कुणाकुणाकडे हात जोडले, पण बारा दिवस कुणी देईना.

शटडाउन आठ दिवसांत आटोपलं. हनीफभाईंच्या जागी दुसरा माणूस घेतला होता. चौदाच्या चौदा जण धडधाकट बाहेर आले. कंपनीनं त्यांना बिर्याणी खाऊ घातली. इस्मतभाबी दोन महिने माझ्याशी बोलली नाही.

जायच्या आदल्या आठवड्यात अदिबा जिन्यात भेटली. बारावीच्या पुस्तकांची पिशवी खालच्या मजल्यावरच्या मुलीला द्यायला निघाली होती. माझ्याशी ती कधी मराठीत बोलायची नाही.

"चाची, सब लोग तो बाहर आ गए."

"तुझ्या अब्बांचा आकडा एक्केचाळीस होता, बाळा."

"आपको पक्का पता था, अब्बू बाहर नहीं आते?"

हो म्हणायला मी तोंड उघडलं. या पोरीशी मी कधी खोटं बोलले नव्हते.

"नाही," मी म्हटलं. "पक्कं माहीत नव्हतं."

"फिर?" एवढंच म्हणाली ती. ओरडली नाही, रडली नाही. पिशवी दुसऱ्या हातात घेऊन खाली गेली.

वरच्या मजल्यावरून हनीफभाईंच्या खोकण्याचा आवाज येत होता. मी कठड्याला धरून तो ऐकत उभी राहिले.