काळुरामची चूल

विधानसभेत धरणाची उंची वाढवायचा कायदा झाला आणि लाल रेघ काळुरामच्या घरातून गेली. नवं पाणी कुठवर चढणार, त्याची ती खूण. कल्याणजवळच्या त्या पाड्यातली बाकीची घरं सरळ या अंगाला नाहीतर त्या अंगाला. याचंच मेलं मधोमध! मागची चूल पाण्यात, पुढचा ओटा कोरडा.

"नियम सोपा आहे, काका," कारकून गुरुदत्त म्हणाला. "चूल तिथे घर. बुडणाऱ्या चुलीमागे मोहने गावात नवं घर, दारात नळ. मंगळवारी चुली मोजायला येतो."

नळ म्हटल्यावर काळुरामची बायको ठमाबाई हरखलीच. धरण उशाला आणि कोरड घशाला, असा तिचा जन्म गेलेला. काळुरामचा जीव मात्र ओट्यात. येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक गाडीवानाला "कुठं चाललास र?" विचारल्याशिवाय त्याला घास उतरत नसे. तो ओटा सोडायचा? हॅट्!

सोमवारी बायको पाण्याला गेली तेवढ्यात पठ्ठ्याने ओट्यावर मातीची चूल घातली. चूल कसली, बसलेली म्हैसच ती. ठमाबाईने पाहिलं नि मागची चूल सारवून घेतली.

मंगळवारी घराच्या दोन्ही टोकांनी धूर. मागे ठमाबाईची भाकरी टम्म फुगलेली. पुढे काळुरामचा भात खाली कोळसा, वर कच्चा.

गुरुदत्तने आनंदाने वही उघडली. "दोन चुली, म्हणजे दोन कुटुंबं! ठमाबाई मोहन्याला जातील. काळुरामकाका, तुम्ही इथेच राहा."

जिंकलो की! काळुरामने मिशीवर हात फिरवला. मग भाताकडे पाहिलं. मग आत पाहिलं, तर ठमाबाई तवा पुसून गाठोड्यात बांधत होती. गाडीवान काय, येतील नि जातील. पण कोण कुठं गेला, ते सांगायचं कोणाला? चाळीस वर्षं ती सगळी बित्तंबातमी ऐकून "बरं, जेवा आता" म्हणणारी हीच एकटी होती.

त्याने लाथ घातली. चूल भातासकट ओट्याखाली गेली.

"एकच लिवा, भाऊसाहेब. मना नाय ऱ्हायाचं एकट्याला."

ठमाबाईने पदराने डोळे टिपले आणि कारकुनाला दटावलं, "नव्या घराला आधी ओटा लिवा, मंग नळ."

"बाई, कायद्यात ओटा नाही."

"मंग जा, वाढवून आना कायदा," ती म्हणाली. "धरन वाढतंय, त्याला काय झालं?"