तारेचे तीन पीळ

मित्रांनो, वेळेवर ओरडणे एवढेच माझे काम होते आणि नेमके तेच मला करू दिले नाही. मी एक जुना सेफ्टी व्हॉल्व्ह आहे. बॉयलरच्या पाठीवर बसून, दाब वाढला की वाफेला वाट मोकळी करून देणारा.

माझी रचना अगदी साधी आहे. वाफेच्या तोंडावर एक पितळी बशी, बशीवर लोखंडी दांडी आणि दांडीच्या टोकाला वजन. वाफेचा जोर वजनाला भारी पडला की दांडी उचलली जाते, बशी वर सरकते आणि जादा वाफ किंचाळत बाहेर पडते. दाब उतरला की मी आपोआप मिटतो. मला वीज लागत नाही, तेलपाणी फारसे लागत नाही, कुणाची परवानगीही लागत नाही. निदान माझा तसा समज होता.

ओतशाळेत मला ओतले, लेथवर तासले आणि पाण्याच्या दाबाखाली तीन वेळा तपासले. तिन्ही वेळा मी बरोबर सात किलोच्या दाबाला उघडलो. तेव्हा तपासनिसाने माझ्या अंगावर सातचा आकडा ठोकला. तो आकडा अजून स्पष्ट आहे. वाचणारा हवा.

मग मी एका मोठ्या लाँड्रीत आलो. शहरातल्या हॉस्पिटलांच्या आणि हॉटेलांच्या चादरी तिथे धुतल्या जात. बॉयलर सांभाळणाऱ्याला सगळे मिस्त्री म्हणत. डावखुरा, मोजके बोलणारा माणूस. कामावर आला की तो आधी शिडी चढे आणि माझी दांडी हाताने उचलून पाही. मी फुस्स केले की म्हणे, "हां, जागा आहेस." त्यानंतर त्याचा चहा.

भिंतीपलीकडे मळक्या चादरी निवडणाऱ्या बायका बसत. त्यांच्यातली सर्वांत थोरली ती मावशी. सगळ्यांचे डबे सकाळी वाफेच्या नळावर मांडायचे आणि दुपारी गरम गरम उतरवायचे, हे काम तिने न सांगता अंगावर घेतले होते. मी ओरडलो की ती खालून ओरडे, "झालं का याचं सुरू? कोण मेलं रे?"

"मावशी, हा ओरडतो म्हणून तर कुणी मरत नाही," मिस्त्री म्हणे.

"मग जरा हळू ओरडायला सांग. माझा जीव जातो ना दचकून!"

अशी बारा वर्षे गेली. वर्षातून एकदा सरकारी अधिकारी येई, मला उघडताना पाही, कागदावर सही करी. मिस्त्री त्याला अभिमानाने सांगे, "एकदाही चुकला नाही हा." मित्रांनो, लोखंडाला अभिमान वाटत नाही असे तुम्हाला शाळेत शिकवतील. शिकवू द्या.

मग नवा मॅनेजर आला. त्याला माझा आवाज सोसेना. एकदा हॉटेलवाले पाहुणे यंत्रे बघायला आलेले असताना मी उघडलो आणि पाहुण्यांनी कानांवर हात ठेवले. ते गेल्यावर मॅनेजर बॉयलरपाशी आला. पहिल्यांदाच आला होता.

"मिस्त्री, हे सारखं बोंबलतं कशाला?"

"दाब वाढला की बोलतो, साहेब. त्याचं कामच आहे ते."

"वाफ हवेत सोडायचं काम? कोळसा जाळून आपण आकाश तापवतोय का? त्याचं तोंड बंद करा."

"तसं करता येत नाही, साहेब."

"करता येत नाही, की तुम्हाला येत नाही? दुसरा मिस्त्री बघू का?"

मिस्त्रीने दोन दिवस ढकलले. तिसऱ्या दिवशी तो तार आणि पक्कड घेऊन वर आला. माझी दांडी त्याने खालच्या चौकटीला तारेने आवळली आणि तारेला तीन पीळ दिले, डाव्या हाताने, उलट्या दिशेने. "चार दिवसांपुरतं," तो मला म्हणाला. त्या दिवशी तो जेवलाही नाही. दाबाच्या घड्याळासमोर बसून राहिला. काही झाले नाही. दुसऱ्या दिवशी अर्धा वेळ बसला. तेव्हाही काही झाले नाही. आठवड्याने तो चहाला बाहेर जाऊ लागला आणि महिन्याने सकाळी शिडी चढणे बंद झाले. काही झाले नाही, म्हणजे काही होणार नाही, असे माणसांचे एक गणित असते. ते कुठल्या पुस्तकात सिद्ध केले आहे, मला माहीत नाही. मध्ये एकदा अधिकारी येऊन गेला; आदल्या दिवशी तार निघाली, तो गेल्यावर पुन्हा चढली.

आठ महिन्यांनी एका दुपारी वीज गेली. इस्त्रीची यंत्रे थांबली, वाफ घेणारे कुणी उरले नाही आणि भट्टीत कोळसा नुकताच भरलेला. दाबाच्या घड्याळाचा काटा सहावर होता. तो काटा हल्ली अडकत असे. मिस्त्रीने काचेवर टिचकी मारली. काटा उडी मारून नऊवर गेला.

माझ्या बशीखाली सात कधीच होऊन गेले होते. उघडायचे कसे ते मला ठाऊक होते. उघडता येत नव्हते.

मिस्त्री पक्कड घेऊन शिडी चढला. पळून गेला असता तर धडधाकट राहिला असता, तो चढला. पहिला पीळ सुटला. "मावशी, बाहेर व्हा! सगळ्या बाहेर व्हा!" तो ओरडला. बायका धावल्या. "आले, आले, एवढे डबे उतरवते!" मावशीचा आवाज आला. दुसरा पीळ सुटला. तिसऱ्याला पक्कड लागली आणि बॉयलरची मागची शिवण फाटली.

भिंत मावशीवर पडली. मिस्त्री चादरींच्या ढिगावर फेकला गेला, म्हणून त्याची हाडे वाचली. कातडी वाचली नाही. मी मानेतून तुटून कुंपणापलीकडच्या गटारात पडलो, दांडी अजून बांधलेलीच.

तिसऱ्या दिवशी मिस्त्रीची बायको त्याच्या चपला शोधायला तिथे आली. आत कारखान्याची चार माणसे ढिगारा उपसत काहीतरी शोधत होती. मलाच शोधत होती. तिला मी आधी दिसलो. तिने चिखल पुसला, तारेकडे पाहिले आणि मटकन खाली बसली. तिच्या घरी कपडे वाळत घालायची तार याच उलट्या पिळाने बांधलेली होती. तिने इकडेतिकडे पाहिले, मला पिशवीत घातले आणि चपला न घेताच निघाली. नवऱ्याचा गुन्हा झाकायचा, एवढेच तेव्हा तिच्या मनात होते.

मिस्त्री तीन आठवडे काचेच्या खोलीत होता. दोनदा त्याचे हृदय थांबले, दोनदा डॉक्टरांनी चालू केले. मग त्याला वॉर्डात आणले. शुद्धीवर येताच त्याने एकच शब्द विचारला, "मावशी?" बायकोने नजर वळवली. त्याने तोंड भिंतीकडे केले आणि त्यानंतर नऊ दिवस तो काही बोलला नाही. खाल्लेही नाही. जळलेल्या अंगाला नवी कातडी विणायची तर अन्न हवे. नळीतून जाते ते पुरत नाही. लावलेली कातडी सुटू लागली.

"औषध आम्ही देऊ हो, पण चावायचं कुणी?" सिस्टर वैतागून म्हणाली.

बायकोने सगळे करून पाहिले. "मुलीकडे बघून तरी खा. तिचं कॉलेज व्हायचंय अजून." भिंत. "माझ्याकडे बघून खा." भिंत. "अहो, असं करू नका ना." ती रडली, मग चिडली, मग पुन्हा रडली. प्रेमाने माणूस परत येतो असे म्हणतात, मित्रांनो. मी त्या खाटेखाली पिशवीत होतो आणि मी सांगतो, तो परत येत नव्हता. घरी झडती होईल या भीतीने ती मला सगळीकडे बरोबर वागवत असे.

दहाव्या दिवशी मॅनेजर फळे घेऊन आला. खुर्ची ओढताना त्याचा पाय माझ्यावर आपटला.

"आई गं! काय आहे हे?"

"खलबत्ता," बायको म्हणाली.

"हॉस्पिटलात?"

"त्यांना गोळी गिळवत नाही. कुटून देते."

मॅनेजर आवाज खाली आणून म्हणाला, "वहिनी, तिथलं काही सामान कुणाला सापडल्याचं कानावर आलं का? व्हॉल्व्ह वगैरे?"

"मला बाईला काय कळतंय त्यातलं?"

"नाही, चौकशी होईल म्हणून. आम्ही कळवलंय, व्हॉल्व्ह ठणठणीत होता. मिस्त्रींचा डोळा लागला, दुसरं काय? वय झालं. होतं असं."

तो गेला. बायको बराच वेळ केळ्यांकडे बघत बसली. मग तिने मला पिशवीतून काढले, साबणाने घासले, उकळत्या पाण्याने धुतले आणि खाटेशेजारच्या कपाटावर, भिंतीच्या बाजूला, त्याच्या डोळ्यांसमोर ठेवले.

"ऐकलंत ना, काय म्हणाला तो? तुम्ही झोपला होतात."

मिस्त्रीने डोळे उघडले. सुटलेले दोन पीळ आणि न सुटलेला तिसरा, तो बघत राहिला. त्याचे ओठ हलले. ती वाकली.

"तार कुणी काढली नाही ना?"

"नाही."

"काढू देऊ नको." मग तो म्हणाला, "अंडं आहे का?"

सिस्टरने मला पाहून कपाळावर हात मारला होता, पण त्या दिवशी त्याने दोन अंडी खाल्ली आणि तिने मला तिथेच राहू दिले. रोज सकाळी पट्ट्या बदलताना तो माझ्याकडे डोळे लावी. त्या वेदनेचे वर्णन मी करणार नाही. शेजारच्या खाटेवरचे लोक म्हणत, काय जिद्द आहे! कसली जिद्द? तो राग होता. मॅनेजरवरचा आणि त्याहून मोठा स्वतःवरचा. तो राग दूध पीत होता, डाळ खात होता, बोटे हलवायचा व्यायाम करत होता.

साडेचार महिन्यांनी चौकशीची तारीख आली. आदल्या संध्याकाळी बायको म्हणाली, "गाठ तुमची आहे. कुणीही ओळखेल."

"ठाऊक आहे."

"लायसन जाईल."

"लायसन धरायला धड बोटं कुठे राहिलीत?"

"झोप लागली म्हटलंत तर नुसती चूक ठरेल. बांधली म्हटलंत तर..."

"तर खरं ठरेल," तो म्हणाला. "त्यासाठीच खाल्लं एवढं."

दुसऱ्या दिवशी मला टेबलावर ठेवले गेले. मॅनेजरने मला ओळखले आणि पाण्याचा ग्लास उचलला. मिस्त्री चाकांच्या खुर्चीतून म्हणाला, "दांडी बांधायला साहेबांनी सांगितलं. बांधली मी. रोज बघत होतो आणि रोज सोडत नव्हतो."

"सांगितल्याचा लेखी पुरावा?" अधिकाऱ्याने विचारले.

"तोंड बांधायचं कुणी लिहून देतं का, साहेब?"

दोन महिन्यांनी अहवाल ऐकायला बोलावले; तोवर मिस्त्री हळूहळू चालू लागला होता. मिस्त्रीचे लायसन कायमचे रद्द. तोंडी आदेश सिद्ध झाला नाही, सबब व्यवस्थापनाला ताकीद. मावशी त्यात एका ओळीत होती: एक स्त्री कामगार मृत. बाहेरच्या ओट्यावर तिची मुलगी उभी होती. ती मिस्त्रीला म्हणाली, "तार बांधताना खाली माझी आई दिसत नव्हती का तुम्हाला?" तिने क्षमा केली नाही आणि तिने ती करावी असे मला वाटत नाही.

माझे काम संपले म्हणून मला मिस्त्रीच्या घरी पाठवून दिले. आता मी त्यांच्या दारात, ते मिटू नये म्हणून ठेवलेला असतो. अहवाल ऐकला त्या रात्री बायको जागीच होती. सांगायचे होते ते सांगून झाले. आता हा पुन्हा भिंतीकडे वळणार, ही तिची भीती. सकाळी तो तसाच पडून होता. दहाच्या सुमारास उठला. चपलांशी बराच वेळ झगडला. तिने मदत केली नाही, नुसती बघत राहिली.

"कुठे?"

"ऐकून येतो."

लाँड्रीत नवा बॉयलर बसला होता. अकराला इस्त्रीची यंत्रे पाळी बदलायला थांबतात. तेव्हा वाफ साचते आणि व्हॉल्व्ह उघडायलाच हवा. तो कुंपणाबाहेर उभा राहिला, उरलेला एक कान आत लावून. पहारेकरी म्हणाला, "मिस्त्री, साहेब ओरडतील. इथे उभं राहू नका."

"साहेब ओरडू देत. तो ओरडतो का ते मला बघायचंय."

तेव्हापासून तो रोज जातो. ज्या दिवशी आवाज येणार नाही, त्या दिवशी तो तडक अधिकाऱ्याचे दार ठोठावणार आहे. मॅनेजरलाही हे ठाऊक आहे. राग आता फारसा उरलेला नाही. पण तो ओसरेपर्यंत त्याच्या शरीराला जगायची सवय लागली होती आणि सवयीला काहीतरी काम लागते. तो दारातून आत येतो, मला ओलांडतो.

"ओरडला?" बायको आतून विचारते.

"ओरडला."

"मग हात धुवा. वाढते."

मित्रांनो, तुमच्या आसपास एखादी वस्तू किंवा एखादे माणूस सारखे ओरडत असेल, तर हवे तर कान झाका. पण त्याचे तोंड बांधू नका. आणि बांधलेच, तर ती गाठ आपली आहे हे सांगण्याइतके तरी जगा.