पुढं कोण चालणार

सगुणाने वालाची पिशवी मांडीवर घट्ट धरली होती. भांडायला निघालं तरी कुणाच्या घरी रिकाम्या हाताने जायचं नाही, ही त्यांच्या गागोदे गावाची रीत. पण पिशवी द्यायची की तशीच परत आणायची, हे तिने अजून ठरवलं नव्हतं.

गाडीत शेजारी नात अपेक्षा बसली होती. पोरीची सैन्यात अधिकारी म्हणून निवड झाली होती, सोमवारी निघायचं होतं, गावाने सत्काराचे हारसुद्धा सांगून ठेवले होते. आजी मात्र अडून बसली होती. "तुझ्या आज्याला ज्यानं पुढं धाडला, त्याला एकदा इचारते. मंग बघू."

आजा, म्हणजे मोरू, श्रीलंकेच्या जंगलात गोळी लागून गेला तेव्हा अपेक्षाची आई शांती जेमतेम शाळेत जायला लागली होती. घरी अस्थी आल्या, पदक आलं, मग दरवर्षी हार घेऊन पुढारी येत राहिले. मोरू शूर होता, असं जो तो सांगून गेला. ते सगुणाला लग्नाच्या आधीपासून माहीत होतं. त्यासाठी यांचे हार कशाला हवे होते?

मोरूच्या तुकडीचा त्या वेळचा लेफ्टनंट निसीम रोहेकर आता कर्नल म्हणून निवृत्त होऊन रोह्याला वडिलांच्या घरी राहायला आला होता. घर ज्यूंचं, भावंडं कधीच इस्रायलला गेली, हा एकटाच मागे राहिला. अपेक्षानेच त्याचा पत्ता काढला होता. रोह्याला गाडीतून उतरताना ती म्हणाली, "आजी गो, जरा बेतानं बोल."

"मी काय भांडाया चाललेय?" सगुणा म्हणाली. चालली होती ती त्यासाठीच.

कर्नलने स्वतः चहा केला. सगुणाने कपाला हात लावला नाही.

"सायेब, माझ्या मालकाला पुढं कोनी धाडला?"

"मी."

असं सरळ उत्तर येईल असं तिला वाटलं नव्हतं. "त्याच दिशी, का रोज?"

"रोज, वहिनी. बाकीच्यांची पाळी बदलायचो, मोरूची नाही. वाटेत सुरुंग पुरलेले असायचे. तो रानात वाढलेला, गवत कुठे दबलंय ते त्याला दिसायचं. तो पुढे असला की सगळे चालत परत यायचे. दुसरा कुणी असला की आम्ही माणसं झोळीत घालून आणायचो. शेवटच्या दिवशीही त्यानेच हात वर करून आम्हाला थांबवलं. मग झाडीतून गोळी आली ती त्यालाच."

"त्यानं कंदी नाय म्हटलं नाय?"

"एकदा. म्हणाला, साहेब, घरी लहान मुलगी आहे. मी म्हटलं, सगळ्यांच्याच घरी कुणीतरी आहे. दुसऱ्या दिवशी परत त्यालाच पुढे ठेवला."

सगुणाच्या अंगाचा तिळपापड झाला. "आनि तोच दिस परत आला तर?"

कर्नलने सरळ तिच्याकडे पाहिलं. डोळे भरले होते, आवाज मात्र हलला नाही. "त्यालाच पाठवीन."

सगुणाला रडू फुटलं. राग होताच, तो कुठे जाणार? पण इतक्या वर्षांत 'मी पाठवला' असं तिच्या तोंडावर म्हणणारा हा पहिलाच माणूस होता. तिने पदराने डोळे पुसले आणि गार झालेला चहा पिऊन टाकला.

"मंग घरी का नाय आलात?"

"धीर झाला नाही, वहिनी. होता तेवढा तिथेच संपला."

सगुणा नातीकडे वळली. "ऐकलंस गो? जा तू. पुढं कोन चालनार ते ठरवायची पाळी आली तर ठरव, घाबरू नको. पन ज्याला धाडशील त्याचं काय झालं तर त्याच्या दारात तू सोता जायचं. त्याच्या बायकोनं गाडीत बसून तुला शोधत यायचं नाय. कबूल?"

"कबूल," अपेक्षा म्हणाली.

सगुणाने वालाची पिशवी कर्नलच्या पुढ्यात ठेवली आणि उठली. "सोमवारी पोरगी निघतेय. त्या आधी गागोद्याला या, सायेब. आमच्या दारात तुमचं येनं राहिलंय."

कर्नल उभा राहिला. "येतो, वहिनी."