स्वस्तिक चुकवणारं पाऊल

मी एक जुनी फळी आहे, मित्रांनो. पाटाची नाही आणि मांडणीचीही नाही. समुद्राच्या लाटेवर उभं राहून, हातात लांब वल्हं घेऊन चालवायची फळी. माझ्या जातीतल्या बाकीच्या लांबसडक असतात, मी आखूड आणि रुंद. बेळगावच्या घरी मला गाडीच्या टपावरून उतरवलं तेव्हा शेजारच्या यशोदाबाई म्हणाल्या होत्या, इस्त्रीचं टेबल जरा जास्तच मोठं घेतलंय की. तेव्हा मला राग आला होता. आता येत नाही.

माझा जन्म गोव्यात, किनाऱ्याजवळच्या एका शेडमध्ये झाला. आत फोम, वर काचेच्या धाग्यांचं कापड, त्यावर चिकट द्रवाचे हात. कारागिरानं मला दिवसच्या दिवस घासलं, पोटाला माशासारखे पर बसवले आणि उचलायला मधोमध एक खोबण ठेवली. मग पाठीवर तळहात फिरवून तो म्हणाला, ही शिकणाऱ्याला सांभाळून घेईल. आयुष्यात मला मिळालेली ही पहिली शाबासकी. तिला मी किती जागले ते तुम्हीच ठरवा.

माझा स्वभाव आधी सांगते, म्हणजे पुढचं कळेल. मी रुंद आहे, म्हणून डाव्या-उजव्या बाजूला सहसा कलंडत नाही. पण आखूड असल्यामुळे पुढे-मागे फार हळवी आहे. पाय वीतभर मागे गेला की माझी शेपटी बुडते आणि नाक वर येतं. वीतभर पुढे गेला की नाकच पाण्यात घुसतं. पाणी शांत असताना दोन्ही पाय खोबणीच्या दोन बाजूंना ठेवायचे, बोटं समोर. मागून लाट आली की एक पाय अर्धं पाऊल मागे न्यायचा, आणि दुसरा मधल्या रेषेवर, खोबणीच्या जरा पुढे आणायचा. पाय उचलायचा नाही, सरकवायचा. नजर किनाऱ्याकडे. वळायचं असेल तेव्हा मागचा पाय शेपटीपर्यंत जातो, पण ते नंतरचं. आधी लाट धरता यायला हवी.

मला घेतलं सौरवनं. तो उचगावचा, बेळगावात एका कारखान्यात इंजिनिअर. पण घेतली ती बायकोसाठी. नीलम जांबोटीकडची, बी.एस्सी. झालेली. लहानपणी पावसात भरलेले ओढे ओलांडून शाळेला गेली होती, म्हणून पाण्याची भीती होती आणि ओढही होती. सौरवच्या मित्रांबरोबर गोव्याच्या किनाऱ्यावर गेली असताना तिनं एका बाईला लाटेवर उभी बघितली आणि घरी येईपर्यंत गाडीत तेवढंच बोलत राहिली. पुढच्या वाढदिवसाला मी दारात.

त्यांची मुलगी रचना तेव्हा बालवाडीत होती. माझं नाक बघून ती म्हणाली, इथं मी बसणार. नीलमनं तिला शब्द दिला. "आई एकदा लाटेवर उभी राहून काठापर्यंत आली की तुला पुढं बसवणार. त्याच्या आधी न्हाय हं."

मित्रांनो, हा शब्द लक्षात ठेवा. माझी सगळी गोष्ट त्यावर उभी आहे.

दिवाळीनंतर समुद्र निवला की रविवारी आम्ही निघायचो. जांबोटीच्या वळणांवर रचनाला मळमळायचं, म्हणून नीलमच्या पर्समध्ये आवळासुपारी आणि रिकाम्या पिशव्या. किनाऱ्यावर पोचल्यावर ती आधी माझी पायाला बांधायची दोरी तपासायची, मग आपलं तरंगणारं जाकीट, मग लेकीची टोपी, मग पुन्हा दोरी. सौरव लेकीचा हात धरून काठावर बसायचा. शिकवायला नागेंद्र होता. तो मूळचा गुंजीचा, पण किनाऱ्यावरच स्थायिक झालेला. आपल्याकडची बोली ऐकून नीलमचा जीव थोडा थाऱ्यावर आला.

पहिल्या वर्षी ती शांत पाण्यात छान उभी राहायला लागली. पाय जागेवर, गुडघे सैल. पुढच्या वर्षी लाटा, असं नागेंद्र म्हणाला.

मध्ये दसरा आला. खंडेनवमीला उचगावच्या घरी नांगर, कोयता, ट्रॅक्टर, सौरवची गाडी, सगळं धुऊन पुजतात. राजाबाई म्हणजे सौरवची आई. त्या म्हणाल्या, सून जिच्यावर उभी राहून समुद्रात जाती, ती फळी पूजेला नको व्हय? मला अंगणात ठेवलं. नुसतं कुंकू खाऱ्या पाण्यात जाईल म्हणून त्यांनी ट्रॅक्टरवर नाव घातलेला लाल ऑइलपेंट आणायला लावला. मग सौरवला विचारलं, लाट आली की हिचा पाय कुठं असतोय? त्यानं खोबणीच्या पुढे बोट ठेवलं. तिथंच त्यांनी त्याच्याकडून स्वस्तिक काढून घेतलं. "पाय घट्ट ऱ्हाऊ दे माझ्या सुनेचा," त्या म्हणाल्या आणि नारळ वाढवला.

नीलम त्या वेळी मागच्या दारी रचनाला न्हाऊ घालत होती. तिनं यातलं काहीच ऐकलं नाही. बाहेर आली तेव्हा तिला दिसलं ते फक्त लाल स्वस्तिक. तिनं वाकून नमस्कार केला.

आणि त्यानंतर तिचा पाय त्या जागेवर कधी पडला नाही.

शांत पाण्यात काही अडत नव्हतं, खोबणीच्या दोन बाजूंना दोन पाय. पण लाट यायची, पुढचा पाय मधल्या रेषेवर यायला निघायचा आणि लाल रेघेशी येऊन थबकायचा. मग ती तोही मागे घ्यायची. दोन्ही पाय शेपटीकडे. माझं नाक उधळलेल्या खोंडासारखं वर जायचं, लाट खालून निघून जायची आणि नीलम मागच्या मागे पाण्यात. प्रत्येक वेळी ती वर आली की आधी काठाकडे बघायची, लेक जागेवर आहे ना.

"वहिनी, पाय पुढं घ्या की," नागेंद्र सांगायचा. "शेपटीवर नागोबा उभा ऱ्हातोय, माणूस न्हाय."

ती हसायची, व्हय म्हणायची आणि पुन्हा तेच करायची. नागेंद्रला वाटलं, बाई घाबरतात. सौरवलाही तेच वाटलं. परतीच्या वाटेवर तो एकदा म्हणालाच की तुझा पाय भीतीनं मागं येतोय. नीलमनं मागं वळून रचनाला आवळासुपारी दिली. काय सांगणार? शिकली-सवरलेली बाई स्वस्तिकावर पाय द्यायला कचरते, हे नवऱ्याला सांगायची लाज. आणि सांगावं तर सासूबाईंच्या भक्तीलाच बोल लावल्यासारखं. मला सारं माहीत होतं. माझ्या पाठीवरच तर चाललं होतं ते. पण फळीला तोंड नसतं.

काठावर रचना विचारायची, झालं का? मी बसू का आता? नीलम म्हणायची, पुढच्या रविवारी.

असे दोन हंगाम गेले. मग रचनाची शाळा वाढली, रविवारी क्लास आले, सौरवच्या पाळ्या बदलल्या. मी उचगावला गोठ्याच्या माळ्यावर गेले. उन्हाळ्यात राजाबाई मला खाली घेऊन माझ्यावर कुरडया वाळवायच्या आणि आल्यागेल्याला सांगायच्या, लई गुणाची फळी. ती शाबासकी ऐकून मला रडू यायचं. उन्हानं माझ्या पाठीला बारीक चिरा पडल्या. त्या कुणी भरल्या नाहीत.

अशी बरीच वर्षं गेल्यावर एका मे महिन्यात नीलम माझ्यावर पापड घालत होती. सगळी पाठ भरली, पण स्वस्तिकाची जागा तिनं मोकळी सोडली. राजाबाई बघत होत्या.

"ती जागा का गं सोडलीस?"

"स्वस्तिक हाय न्हवं, आत्या." सासूला ती आत्या म्हणते.

राजाबाईंचा हात परातीत थांबला. सून सारखी मागं पडती, एवढं त्यांनी लेकाकडून ऐकलं होतं. "समुद्रात बी असंच करत हुतीस काय तू?"

नीलमनं मान खाली घातली.

"अगं नांगराला कुंकू लावून मातीतच घालतो न्हवं आम्ही? तुझा पाय तिथं ऱ्हावा म्हणून तर ते काढून घेतलं मी. एकदा तरी इचारायचं हुतंस."

नीलमला आधी हसू आलं, मग ओढणीचं टोक डोळ्यांना लावावं लागलं. राजाबाई उठून तिच्या शेजारी येऊन बसल्या आणि स्वतःच्या हातानं स्वस्तिकावर एक पापड घातला.

दिवाळीनंतर मला पुन्हा टपावर बांधलं. तोच किनारा, आणि आता कानाजवळचे केस पिकलेला नागेंद्र. लाट आली. नीलमचा एक पाय मागे सरकला, दुसरा पुढे, आणि त्याचा पूर्ण तळवा स्वस्तिकावर टेकला. माझं नाक खाली बसलं. मी पाणी कापत निघाले, आणि नीलम माझ्यावर उभी, थेट काठापर्यंत. कारागीर म्हणाला होता तशी मी होते. फक्त फार उशिरा.

"रचना, ये गं, बस पुढं," तिनं हाक मारली.

रचना आता हायस्कूलला आहे, आईच्या खांद्याला लागते. ती आली, पाय दुमडून माझ्या नाकावर बसली. माझं नाक थेट पाण्यात घुसलं. दोघी पडल्या. पुन्हा बसल्या, पुन्हा पडल्या. नागेंद्र म्हणाला, "न्हाय जमायचं वहिनी, फळी ल्हान हाय. पोरगी मोठी झाली."

दोघी ओल्या वाळूत बसल्या. रचनाच्या आवाजात तक्रार नव्हती, तिनं सहज विचारलं, "मी ल्हान असताना का न्हाय गं नेलंस?"

"पाय कुठं ठेवायचा, ते मी कुणाला विचारलंच न्हाय," नीलम म्हणाली.

रचना वाकली. तिनं आईच्या पायाची दोरी सोडली.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तूंना वापरून झाल्यावर गोड्या पाण्यानं धुवा, सावलीत ठेवा, चिरा वेळेवर भरा. हे मागणं आहेच. पण तुमच्या घरात कुणी पुन्हा पुन्हा एकाच जागी अडखळत असेल, तर ते माणूस भित्रं आहे असं ठरवून मोकळे होऊ नका. जवळ जा आणि विचारा, पाय कशाला अडतोय. आणि अडखळणारे तुम्ही असाल, तर लाज सोडून सांगा. माझ्या नाकावर एका लहान मुलीपुरती जागा होती. ती मुलगी तिथं कधीच बसली नाही.