इग्वानाच्या रक्ताचा रिपोर्ट

मी इग्वाना बोलतोय. पाल नव्हे, घोरपड नव्हे आणि मगरीचं पिल्लू तर मुळीच नव्हे. पण सिंगापूरच्या टॅम्पिनीस भागातल्या सातव्या मजल्यावरच्या त्या फ्लॅटमध्ये मला शेवटपर्यंत 'पालोजी' म्हणूनच हाक मारली गेली. माझं मत कुणी विचारलं नाही.

माझा जन्म दूरच्या एका बंदरातला. पद्माकर नावाच्या मरीन इंजिनिअरने मला तिथे विकत घेतलं आणि १९९४ साली बॉयलर सूटच्या खिशात घालून सिंगापूरला आणलं. दहा वर्षांच्या लेकीला, मेधाला, गंमत म्हणून. मला घरात पाळायला इथे बंदी आहे, हे त्याला मागाहून कळलं. तोवर स्वारी पुढच्या बोटीवर चढून मोकळी झाली होती आणि मी पडलो त्याच्या बायकोच्या, शैलाच्या, गळ्यात.

शैला वाईट बाई नाही. पण कुणी मला पाहिलं तर इथे राहण्याचा सरकारी पास रद्द होईल आणि चंबूगबाळं उचलून पुण्याला जावं लागेल, हा तिचा धसका. म्हणून पडदे कायम बंद. मेधाच्या टेबलावर काचेची पेटी, वर ट्यूबलाइट. आणि खायला रोज पालक! पालकाने अंगात ताकद येते, असं तिच्या आईने तिला सांगितलेलं, तिने मेधाला सांगितलेलं, आता माझी पाळी.

दोन वर्षांत माझे मागचे पाय वाकले, जबडा मऊ पडला. फांदीवर चढायला गेलो की धपकन खाली. मेधा रडून म्हणायची, डॉक्टरकडे नेऊ या. पण डॉक्टरकडे नेलं की बिंग फुटणार.

शैला नोव्हेना भागातल्या एका लॅबमध्ये टेक्निशियन होती. रोज शेकड्याने माणसांचं रक्त तपासणारी. तिने ठरवलं, पालोजीचं रक्त आपणच काढू. माणसाने तपासणीसाठी रक्त द्यायच्या आधी बारा तास उपाशी राहायचं असतं, म्हणून तिने मलाही उपाशी ठेवलं. आधीच अंगात त्राण नाही, त्यात हा उपास! सकाळी मेधाने माझं डोकं धरलं. शैलाने पुढचे दोन्ही पाय टोचून पाहिले, तेव्हा कुठे शेपटीखाली शीर सापडली. ती मला "झालं हं राजा, झालं" म्हणत होती. मी खूप चिडलो होतो, पण चावलो नाही.

लॅबमध्ये नुकतंच नवंकोरं मशीन आलं होतं. नळी ठेवली की रिपोर्ट हातात. तो रिपोर्ट घेऊन शैला संध्याकाळी घरी आली ती तोंड पाडूनच. पांढऱ्या पेशी इतक्या, की मशीनने हात टेकले होते. माणसाच्या रक्तात असं दिसलं तर तिला पहिली शंका ब्लड कॅन्सरची यायची. तिने मेधाला जवळ घेतलं आणि सांगितलं, पालोजीला आणखी त्रास नको, आपण त्याला झोपेचं इंजेक्शन देऊ. त्यासाठी ती पास-बिस सगळं विसरून डॉक्टरकडे जायला तयार झाली. मला जगवायचं होतं तेव्हा हिला भीती वाटत होती आणि मारायला मात्र वाटेना! या माणसांपुढे डोकं आपटायचं तरी कुठे?

बाजाराच्या पिशवीत घालून त्यांनी मला हौगांगला डॉक्टर सिओंकडे नेलं. म्हातारा कमी बोलणारा. त्याने रिपोर्ट वाचला, मला उलटंपालटं केलं, रक्ताचा एक थेंब काचपट्टीवर पसरून मायक्रोस्कोपखाली धरला आणि शैलाला बघायला लावलं.

"मॅडम, ह्यांच्या तांबड्या पेशींनाही पांढऱ्यांसारखा न्यूक्लियस असतो, माणसांच्या तांबड्यांना नसतो," तो इंग्रजीत म्हणाला. "तुमचं मशीन माणसांचं. त्याने सगळ्या तांबड्या पेशी पांढऱ्यांत मोजल्या. कॅन्सर नाही, लाह." बोलण्याला 'लाह' जोडायची इथली रीत.

शैला बराच वेळ डोळा लावून बसली. मग मराठीत, स्वतःशीच म्हणाली, "मी स्लाइड बघितलीच नाही." आणि तिथेच रडायला लागली. पंधरा वर्षं स्लाइडी बघण्यात घालवलेली बाई!

डॉक्टरने सांगितलं, याची हाडं ठिसूळ झालीत. पालक बंद करा, तो अंगातलं कॅल्शियम अडवून ठेवतो. आणि याला ऊन हवं, रोज, उघड्यावरचं. काचेतून आलेलं चालणार नाही.

"बट मम्मी, बाहेर ठेवलं तर पीपल विल सी," मेधा म्हणाली. "देन हाऊ?"

शैलाने माझ्या वाकड्या पायावरून बोट फिरवलं. "बघू देत," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून मी कॉरिडॉरमध्ये, उन्हात. शेजारचे थांबून बघायचे. नवव्या दिवशी सरकारी गाडी आली. शैलाने स्वतः दार उघडलं, माझं खाणंपिणं, आजार, सगळं सांगितलं. कडक ताकीद मिळाली. पास राहिला. मी मात्र गेलो.

आता मी प्राणिसंग्रहालयात आहे, जाळीच्या पिंजऱ्यात. पाय वाकडेच राहिले, पण फांदीवर चढता येतं. दर सहा महिन्यांनी रक्त काढतात, तेही भरल्या पोटी. माणसांनो, हौसेने आम्हाला खिशात घालू नका, आणि घातलंच असेल तर निदान लपवून मारू नका. एवढंच मागणं आहे.

मेधा रविवारी येते. परवा जाळीला नाक लावून उभी होती. मग तिच्या ध्यानात आलं की तिची सावली माझ्या अंगावर पडतेय. ती दोन पावलं बाजूला सरकली.